दहा कड्यांत एक बोट

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझं पाऊल मोजून. नागपुरात तेव्हा खोली बघायला गेलं की लोक जात विचारत, पगार विचारत, मांसमच्छी खाता का विचारत. यांनी काहीच विचारलं नाही. जुनी शुक्रवारी भागातल्या त्यांच्या अंगणात मला या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा चालायला लावलं, मागून वाकून खडूने खुणा केल्या आणि शेवटी कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"अडीच फूट," ते म्हणाले. "एकही पाऊल इकडचं तिकडं नाही. कुठचा गा तू?"

"भिवापूरचा."

"ये राहायले. पन रविवार माझा."

रविवार त्यांचा म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला खोली हवी होती. कचेरीत कारकुनी लागून दोन महिने झाले होते आणि मी एका गाववाल्याच्या स्वयंपाकघरात झोपत होतो.

ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले सर्व्हेअर होते. निवृत्त ते खात्यापुरते. घरी त्यांच्याकडे जरीब होती, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. शंभर कड्यांची, सहासष्ट फुटांची, दर दहा कड्यांवर पितळेची एक टिकली आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी. खात्याने जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा त्यांनी ती विकत घेतली होती. मालकीणबाई, म्हणजे काकू, म्हणायच्या, "माह्या बांगड्या मोडल्या तं चालते, पन तिची कडी वाकली तं जेवत नाही हा मानूस." काकूंना तक्रार करायची खोड नव्हती. जे आहे ते त्या सांगायच्या.

घरात सगळं मोजून झालेलं होतं. पाहुणा आला की "बसा" म्हणायच्या आधी "दारापासून नऊ फूट" म्हणायचे. माझी ओळख ते "हे आमचे भाडेकरू, अडीच फूट" अशी करून द्यायचे आणि समोरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. मला त्याचा फार राग यायचा. पण खोली हवेशीर होती आणि काकू दर गुरुवारी झुणका-भाकर आणून द्यायच्या, त्यामुळे मी तो राग गिळून टाकायचो.

तर रविवार. रविवारी सकाळी पहिल्या बसने रामटेक. एका रविवारी नगरधनचा किल्ला, एखाद्या रविवारी मनसरच्या टेकड्या, पण घोडं फिरून फिरून रामटेकलाच. लोक तिथे रामाच्या दर्शनाला जातात. आमचे घरमालक रामाला मोजायला जायचे. गडावरची देवळं, दरवाजे, तट, अंबाळ्याचा तलाव, तिथून वर येणाऱ्या पायऱ्या, सगळं त्यांनी मोजलं होतं आणि पुन्हा पुन्हा मोजत होते. गाभाऱ्यासमोर उभं राहून हात जोडायचे ते असे: "नमस्कार रामचंद्रजी. उंबरठा साडेतीन फूट. येतो."

गडावर दगडी वराह आहे. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पार जातो तो पुण्यवान, अडकला तो पापी, अशी लोकांची श्रद्धा. आमच्या मालकांनी ती फट कधीच मोजून ठेवली होती. ते शेजारी उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या कमरेकडे एक नजर टाकून निकाल द्यायचे. "तुम्ही जासान. तुम्ही जासान. तुम्ही राहू द्या, पापाचा संबंध नाही, कंबर आडवी येते." एकदा एका जाड्या व्यापाऱ्याने ते ऐकलं आणि रडतच त्यांच्या पाया पडला. तीन वर्षं तो माणूस स्वतःला पापी समजत होता म्हणे.

पण त्यांची खरी लढाई पाट्यांशी होती. कुठल्याही वास्तूपाशी लांबी-रुंदीची पाटी दिसली की ते जरीब काढायचे, आणि पाटीवर जे लिहिलं असेल त्याहून त्यांचं माप नेहमी जरासं कमीच निघायचं. नेहमी. त्यावरून त्यांनी माणसांबद्दल एक मत करून घेतलं होतं. "लोकाईले मोठं सांगायची हौस हाये," ते म्हणायचे. "देऊळ मोठं सांगतेत, तलाव मोठा सांगतेत, राजा मोठा सांगतेत. मोजा म्हनलं की सारे लहान." मग घरी येऊन पुरातत्त्व खात्याला पोस्टकार्ड. खात्याने कधी उत्तर दिलं नाही, तेही त्यांना पटायचं. चोर कशाला बोलेल?

जरिबेचे दोनच शब्द होते, 'धर' आणि 'सोड'. पुढचा माणूस जरीब घेऊन पुढे जातो, मागचा मूठ धरून उभा राहतो. पुढच्याने खुंटी रोवून, माप टिपून 'सोड' म्हटलं की मागच्याने सोडायचं. त्याआधी अंगावर झाड पडलं तरी नाही. पहिल्याच रविवारी मला डास चावला म्हणून मी मूठ सोडली. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "डास किती मोठा होता?"

आता माझ्या लग्नाची गोष्ट सांगतो, कारण हा माणूस मला तिच्याशिवाय सांगताच येत नाही.

मी तेव्हा अठ्ठावीसचा झालो होतो. वडील नव्हते, आईच्या गुडघ्यांनी दगा दिलेला, त्यामुळे ती भिवापूर सोडून हलायची नाही. दोन ठिकाणी नकार आले होते. तिसरं स्थळ उमरेडचं निघालं. मुलगी शाळेत शिकवायची, वडील कोष्टी, हातमागावर बसणारे. त्यांचा एक नेम होता. दर वर्षी एक उपरणं स्वतःच्या हाताने विणायचं आणि रामटेकला रामाच्या खांद्यावर घालून यायचं. त्या वर्षी ते रविवारी जाणार होते. आईने निरोप पाठवला की तिथेच मुलगी पाहून घे, आणि आपल्याकडून मोठं माणूस म्हणून घरमालकांना ने.

मी काकूंच्या पाया पडलो. "काकू, त्या दिवशी जरीब नको."

"मी सांगतो त्याईले," काकू म्हणाल्या. सांगितलंही. मालकांनी मान डोलावली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली आणि निघताना जरिबेची पिशवी खांद्याला अडकवली. काकू म्हणाल्या, "अवो!" ते म्हणाले, "मी मोजून नाही राहिलो. सोबत असू दे."

काकूही सोबत आल्या. अंबाळ्याच्या काठी ते लोक भेटले. वडील बारीक चणीचे, शांत, बोटांना विणकामाने घट्टे पडलेले. मुलगी त्यांच्या मागे. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. पायऱ्या चढताना आम्हाला दोघांना जरा पुढे सोडलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो हा: "तुम्ही खरंच दर रविवारी साखळी धरता?"

"हो."

"काहून?"

"खोली त्याच अटीवर मिळाली."

ती हसली, तीसुद्धा पदर तोंडाला न लावता. मला ती तिथेच, त्या पायरीवर आवडली. वर पोचेपर्यंत तर ही मुलगी मिळाली नाही तर आपलं काही खरं नाही, असं मनाने घेतलं होतं. तसं याआधी दोन्ही ठिकाणी झालं नव्हतं.

उपरणं रामाला घालून झालं, दर्शन झालं, काकूंनी शिदोरी सोडली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी बेसावध राहिलो. मालकांनी मुलीच्या वडिलांना जरीब दाखवली. शंभर कड्या, सहासष्ट फूट, दहा कड्यांची पितळी टिकली, म्हणजे सहा फूट सात इंच आणि वर थोडं. वडिलांनी ती हातात घेतली, कडी कडी चाचपली. विणकराला धाग्याचं कौतुक, मग तो लोखंडाचा का असेना.

"धरून पाहता?" मालक म्हणाले.

मी काकूंकडे पाहिलं.

"कसं धरायचं?"

"इथी उभं राहाचं. ताण ठेवाचा. मी सोड म्हनीन तवा सोडाचं."

"आमाले ठाऊक हाये," वडील म्हणाले. "गल्लीत सुताचा ताणा लांबवतो तवा समोरच्याची हाक आल्याशिवाय आमी टोक सोडत नाही. सोडलं तं सारा गुंता."

मालक इतके खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. ते जरीब घेऊन पायऱ्यांनी खाली गेले, वळणापाशी खुंटी ठोकली आणि वळणाआड दिसेनासे झाले.

अर्धा तास झाला. मुलीचे वडील उन्हात मूठ धरून उभे. काकू म्हणाल्या, येतील. एक तास झाला. एक वानर आलं आणि जरिबेच्या मध्यावर बसलं. वडील मला म्हणाले, "बाबू, त्याले उठवा. ताण बिघडते." मी दगड उचलल्यावर ते गेलं, जाताना वडिलांची टोपी घेऊन गेलं. वडिलांनी हात हलवला नाही.

"बाबा, सोडा ना जी!" मुलगी रडकुंडीला आली. "खाली ठेवा ते. कोनी पाहून नाही राहिलं."

"त्याईनं सोड म्हनलं का?"

"नाही."

"मंग?"

मी खाली धावत सुटलो. मालक सापडले ते वाटेवरच्या एका बावडीपाशी. भोवती वीस-पंचवीस माणसं, आणि एक नारळवाला कपाळाला हात लावून बसलेला. झालं होतं असं. तिथला एक वाटाड्या यात्रेकरूंना सांगत होता की या बावडीत सात बाजांची, म्हणजे सात खाटांची, सुतळी सोडली तरी तळ लागत नाही. मालकांच्या कानावर ते पडलं. मग जरीब आठवते कोणाला? त्यांनी नारळवाल्याची बाज उलटी केली, तिची सगळी सुतळी उसवली, टोकाला दगड बांधला आणि बावडीत सोडली. अर्ध्या बाजेतच तळ लागला होता. ते त्या वाटाड्याला विचारत होते, "बाकीच्या साडेसहा बाजा कुठी गेल्या?"

"अहो, ते वर धरून उभे आहेत!" मी ओरडलो.

"कोन?"

"मुलीचे वडील! दीड तास झाला!"

त्यांच्या चेहऱ्यावर लाज वगैरे काही आली नाही. भक्तिभाव आला. "अजून धरून हाये?" ते म्हणाले. "दीड तास? असा मानूस मले तीस वर्षांच्या नोकरीत नाही भेटला गा."

वर जाताना मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. त्यांची गरज पडली नाही. मुलीच्या वडिलांनी मालकांना पाहिलं, घाम पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमची साखळी लांब हाये."

"काय?"

"उभा होतो तं मोजली. मूठ पायाच्या अंगठ्यात धरली अन् पहिल्या टिकलीपर्यंत वितीनं मोजलं. माही वीत नऊ इंच, सुताचाही फरक नाही. दहा कड्यांत एक बोट जास्त भरते. शंभरात दहा बोटं."

मालकांचे ओठ पांढरे पडले.

"माही जरीब?"

"वापरून वापरून कड्या ओढल्या गेल्या असतीन. लोखंडच ते."

"सोयरिक मोडली!" मालक ओरडले. "ज्या घरात जरिबेले नावं ठेवतेत त्या घरची पोरगी आमाले नको! चाल गा अडीच फूट!"

आणि ते ताडताड खाली उतरून गेले. जरीब तिथेच राहिली, मी तिथेच राहिलो, काकू कपाळाला हात लावून बसल्या. वराकडच्या मोठ्या माणसाने सगळ्यांदेखत नकार दिला होता, तोही मला न विचारता. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "मला तसं काही म्हणायचं नाही," एवढंच कसंबसं म्हणालो. तिच्या वडिलांनी जरीब कडी कडी गुंडाळली, एक मूठ मात्र हातातच ठेवली आणि पिशवीसकट ती उमरेडला घेऊन गेले. कारण 'सोड' कोणी म्हटलंच नव्हतं.

पुढचा आठवडा घरात सुतक पडल्यासारखा गेला. मालक जेवायचे नाहीत. त्यांची जरीब गेली होती, माझं लग्न गेलं होतं. गुरुवारी ते माझ्या दारात आले. आत आले नाहीत.

"उमरेडले जाऊन घेऊन ये."

मी रजा टाकून गेलो. मागाशेजारच्या खुंटीला जरीब टांगलेली होती. मुलीचे वडील म्हणाले, "देतो. पन ज्यानं धरायले लावलं त्यानंच सोड म्हनावं." आतून ती पाणी घेऊन आली. पेला देताना हळूच म्हणाली, "त्यांना आणाच." मी ते वाक्य बसमध्ये सगळ्या वाटेने मनात घोळवत आलो.

काकूंनी काय केलं कोण जाणे, पण शनिवारी मालक उमरेडला गेले. मी सोबत. दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. वडिलांनी एक मूठ धरली, मालकांनी दुसरी, आणि दोघे तसेच नागपूरच्या बसमध्ये चढले. मध्ये मी, मांडीवर शंभर कड्या. कंडक्टरने विचारलं, "हे सामान कोनाचं?" दोघंही म्हणाले, "त्याईचं."

मालकांच्या जुन्या कचेरीच्या आवारात दोन दगड पुरलेले आहेत, बरोबर सहासष्ट फुटांवर. मोजणीची साखळी दर महिन्याला तिथे लावून तपासायची असा नियम. निवृत्त झाल्यापासून मालक त्या फाटकातून आत गेले नव्हते. स्वतःच्या हातची साखळी, तिला काय तपासायचं? त्या दिवशी त्यांनी एका दगडावर मूठ टेकवली. पलीकडे मुलीच्या वडिलांनी ताण दिला.

मूठ दगडाच्या पुढे गेली. मालक आपली मूठ खुंटीला अडकवून चालत तिथे आले, उकिडवे बसले, बोटं लावून मोजू लागले. एक, दोन, तीन. दहा.

मग म्हणाले, "साखळी लांब तं माप लहान. म्हंजे पाट्या बरोबर होत्या."

"हो," मुलीचे वडील म्हणाले.

"मीच सगळ्याईले लहान मोजलं."

मला त्यांचा इतका राग होता, पण त्या वाक्याने माझे डोळे भरून आले. मुलीचे वडील ताण धरून उभे राहिले. शेवटी मालकांनी वर पाहिलं. "ते सोयरिकीचं बोललो ते या जरिबेच्या भरवशावर बोललो. ते रद्द. पोरगा चांगला हाये. अडीच फूट." मग थांबून म्हणाले, "त्यातही थोडा जास्तच असन आता."

"आमाले चालते," वडील म्हणाले. "आता सोडू का?"

मालकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडून तो शब्द निघेना. तेव्हा वडिलांनी मूठ अलगद दगडावर ठेवली आणि म्हणाले, "असू द्या. तुमचं सोड बाकी राहिलं."

पुढे मालकांनी नवी जरीब घेतली आणि सगळं पहिल्यापासून मोजायला काढलं, देवळं, तट, पायऱ्या, वराह. पहिल्याच रविवारी गाभाऱ्यासमोर टोपी काढून म्हणाले, "माफी असावी रामचंद्रजी. तुमी मोठे निघाले." मूठ धरायला उमरेडहून माझे सासरे यायचे, उन्हातान्हात, वयाची सत्तरी गाठेपर्यंत. मला रविवारची सुट्टी मिळाली ती अशी. त्या दोघांची गट्टी इतकी जमली की मालक गेले तेव्हा खांदा द्यायला सासरे पहिले पुढे झाले. पण ते फार नंतरचं.

मला आठवतं ते लग्नाच्या दिवशीचं. उमरेडला मांडव, मालकांनी तो पहाटे मोजून घेतलेला. दुपारी निघायची वेळ झाली. आम्ही भाड्याच्या बसमध्ये बसलो, ती खिडकीशी. खाली तिचे वडील उभे होते आणि खिडकीतून त्यांनी तिचा हात धरला होता. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. ती रडत होती, ते रडत नव्हते, पण हातही सोडत नव्हते. कोणी म्हणालं, चला, उशीर होतो. कोणी त्यांच्या खांद्याला धरून मागे ओढलं. ते हलले नाहीत. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, मग इंजिन बंद करून टाकलं. मी तिच्याशेजारी अवघडून बसलो होतो, काय करावं कळत नव्हतं.

मागच्या सीटवरून मालक उठले, बसमधून खाली उतरले आणि वळसा घालून सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी त्या दोन हातांकडे पाहिलं. मग इतक्या हळू आवाजात म्हणाले की मला खिडकीत बसूनही जेमतेम ऐकू आलं.

"सोडा."

सासऱ्यांनी हात सोडला.